पिठ्या ढेकणाची बखर

सज्ज्यातल्या जास्वंदीवर पडणाऱ्या किडीविषयी मी ऐतिहासिक लेख लिहिणार आहे, असे एका इतिहासप्रेमी स्नेह्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिले. "राजांना इतिहास असतो, गडकोटांना असतो, ढेकणाला कसला आला आहे इतिहास?" असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मी फारसे मनावर घेतले नाही. ज्या ढेकणाच्या एका भाऊबंदासाठी ईस्ट इंडिया कंपनीने ब्राझीलपासून कलकत्त्यापर्यंत खटपट केली, आणि ज्याच्या दुसऱ्या भाऊबंदाने अमेरिकेतल्या एका प्रांताचा संत्र्यांचा व्यापार बुडवीत आणला, त्याची बखर लिहावयास हरकत नसावी.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देतो. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्याला किंवा पानाच्या बगलेत पिंजलेल्या कापसाचा बारीकसा पुंजका चिकटल्यासारखा दिसतो. बोट लावावे तर ते पिठूळ आणि चिकट होते. शेतकरी याला पिठ्या ढेकूण म्हणतात. मावा, पांढरी माशी, खवले कीड ही सारी याचीच गोतावळ. सोंड खुपसून झाडाचा रस शोषावयाचा, हा यांचा पिढीजात धंदा. झाडाच्या रसात साखर पुष्कळ आणि नत्र थोडे असते. तेवढ्या नत्रासाठी या प्राण्याला रस भरमसाट ओढावा लागतो, आणि जास्त झालेली साखर तो पातळ पाकासारखी बाहेर टाकीत राहतो. त्या पाकावर काळी बुरशी चढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसू लागतात. पाकाच्या वासाने मुंग्याही येतात. त्यांचा या बखरीत मोठाच भाग आहे, पण तो पुढे.

मी या विषयाकडे वळलो, तो केवळ कुतूहलापोटी नव्हे. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी आपल्या कुंड्यांसाठी कापसावर फवारण्याचे औषध एका ओळखीच्या माणसाकडून बिनचिठ्ठीच्या बाटलीत मागविले आणि एका रविवारी सकाळी ते सढळ हाताने फवारले. खालच्या मजल्यांवर त्या वेळी दोऱ्यांवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. वास दोन दिवस गेला नाही. या औषधांचा प्रताप महाराष्ट्राला नवा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. उघड्या रानात ही गत, तर स्वयंपाकघराला लागून असलेल्या चार हातांच्या सज्ज्यात ते विष कोणी आणावे आणि का आणावे? या बाटल्या येण्याच्या आधी लोक काय करीत होते, असा प्रश्न मला पडला आणि त्याचा माग काढता काढता मी पुष्कळ लांब जाऊन पोहोचलो.

आपल्याकडचा लेखी पुरावा चांगला जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर एक प्रकरणच दिले आहे. झाडाचा रोगट भाग शस्त्राने तासून काढावा आणि त्यावर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, अशी चिकित्सा त्यात आहे. पुढे सुरपालाने 'वृक्षायुर्वेद' नावाचा स्वतंत्र ग्रंथच रचला. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. डॉ. य. ल. नेने यांनी ती मिळविली, डॉ. नलिनी साधले यांनी तिचे इंग्रजीत भाषांतर केले आणि १९९६ साली ती छापून निघाली. माणसाप्रमाणे झाडालाही वात, पित्त, कफ असतात, या समजुतीवर तिची उभारणी आहे. आता सारे काही आपल्या पोथ्यांत आधीच लिहून ठेवलेले आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पंथातला मी नाही. झाडाला कफ होत नाही. परंतु सडका भाग कापून टाकावा, जखम बंद करावी, ही गोष्ट आजचा माळीही करतो. ती करावयास त्रिदोषांवर विश्वास असावाच लागतो असे नाही.

आणि जे पोथीत नव्हते ते घरात होते. कणगीत धान्य भरताना थराथराला कडुनिंबाचा पाला घालणे, डाळीला एरंडेलाचा हात लावणे, परसातल्या वालाच्या वेलावर चुलीतली राख भुरभुरविणे, ही कामे आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका कोणत्याही शास्त्राचा हवाला न देता करीत. राखेने मऊ अंगाच्या किडीचे पाणी शोषले जाते आणि ती कोरडी पडून मरते, हे कारण पुढे कोणी तरी सांगितले. त्यांना कारणाची गरज नव्हती, वाल हवे होते.

या साऱ्या उपायांत माणूस आपल्या हातांनी किडीशी लढतो. दुसऱ्या प्राण्याला आपल्या बाजूने लढावयास लावावे, ही कल्पना मात्र निराळी. तिचा सर्वांत जुना लेखी दाखला चीनमधला आहे. इ. स. ३०४ च्या सुमाराचा, जी हान याच्या नावावर असलेला दक्षिणेकडील वनस्पतींवरचा एक ग्रंथ आहे. संत्र्यांच्या बागांसाठी तिकडच्या बाजारात मुंग्या विकावयास येत, त्या घरट्यासकट गवती चटईच्या पिशव्यांत भरून आणीत, आणि ज्या झाडावर या मुंग्या नाहीत त्याची फळे किडीने नासत, असे त्यात नमूद आहे. पुढच्या काळातले लोक तर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्यासाठी या मुंग्यांना बांबूचे पूलही बांधून देत. या मुंग्या आपल्याला अनोळखी नाहीत. कोकणात आंब्याच्या झाडावर चढल्यावर पाने शिवून केलेल्या घरट्यातून धावून येणाऱ्या तांबड्या, चावऱ्या मुंग्या त्याच जातीच्या.

असाच प्रकार येमेनमध्ये होता. तेथील खजुराचे बागवान डोंगरातून मुंग्यांची घरटी आणून झाडांवर सोडीत, हे पीटर फॉर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने टिपून ठेवले. तो १७६३ साली येमेनमध्येच हिवतापाने वारला. त्याची टिपणे त्याचा सहप्रवासी कार्स्टन नीबूर याने १७७५ साली छापली. हा नीबूर त्याच प्रवासात मुंबईस येऊन राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची चित्रे त्याने काढली. घारापुरीमुळे तो आपल्याकडे ठाऊक आहे, मुंग्यांमुळे नाही.

आता कोणी वाचक उत्साहाने आपल्या जास्वंदीवर मुंग्या सोडावयास निघेल, तर त्याने जरा थांबावे. चीनमधल्या त्या मुंग्या अळ्या आणि ढेकण्या मारून खाणाऱ्या होत्या. आपल्या सज्ज्यात भिंतीच्या फटीतून येणाऱ्या लहान काळ्या मुंग्या पाकाच्या लोभी. गवळ्याने म्हशी राखाव्यात तशा त्या पिठ्या ढेकणाला राखतात. त्याला खावयास कोणी किडा आला तर त्याला हुसकून लावतात. म्हणजे मुंगी तीच रखवालदार, मात्र चाकरी आता चोराच्या घरी. यावरचा उपाय आपल्याच घरात होता. दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, त्या कित्येकांना आठवत असतील. कुंडी एखाद्या तिवईवर ठेवून तिच्या पायांखाली तशाच वाट्या ठेवल्या आणि झाडाची फांदी भिंतीला टेकू दिली नाही, तर रखवालदारांची वाट बंद होते. वाट्यांतले पाणी मात्र दोन दिवसांआड बदलावे, नाही तर किडीऐवजी डास पाळल्यासारखे होईल. एवढ्या एका गोष्टीने निम्मे काम होते, असे मी चार वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो.

यानंतरची हकिगत कंपनी सरकारची. युरोपात त्या काळी लाल रंगासाठी कोचिनील नावाच्या किड्याला फार भाव होता. निवडुंगावर वाढणारा, अंगावर पांढरा कापूस पांघरणारा हा किडा म्हणजे आपल्या पिठ्या ढेकणाचा चुलतभाऊच. आपल्या भाषेतला 'किरमिजी' हा शब्दही मूळचा रंग देणाऱ्या अशाच एका किड्याच्या फारशी नावावरून आला आहे. मेक्सिकोतल्या या किड्यावर स्पेनची मक्तेदारी. ती मोडावी म्हणून मद्रासेस कंपनीचे वैद्य डॉ. जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बागच उठविली. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने रिओ द जानेरोहून किडे मिळवून कलकत्त्यास आणले. पण हे किडे मेक्सिकोतले नव्हते, ब्राझीलमधल्या रानटी जातीचे होते. त्यांचा रंग हलका निघाला. रंगाचा व्यापार फसला. किड्यांनी मात्र येथे फोफावलेला निवडुंग खाऊन फस्त केला. तेव्हा हे लक्षात आले की, रंग न देणारा हा किडा निवडुंगाचा नायनाट करण्यास उत्तम आहे. १८३६ ते १८३८ या काळात तो दक्षिण हिंदुस्थानात मुद्दाम सोडण्यात आला आणि १८६० नंतरच्या वर्षांत सिंहलद्वीपातही नेण्यात आला. एका देशातून दुसऱ्या देशात किडा नेऊन तण मारण्याचे जगातले हे पहिले यशस्वी उदाहरण समजतात. १९२६ साली निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीसाठी याच कुळातला दुसरा किडा सिंहलद्वीपातून दक्षिण हिंदुस्थानात आणण्यात आला. कंपनीला हवे होते ते मिळाले नाही. जे मिळाले त्याची किंमत कळावयास चाळीस वर्षे लागली.

परंतु ज्या प्रकरणामुळे किडीवर किडा सोडण्याची विद्या जगन्मान्य झाली, ते कॅलिफोर्नियातले. १८६८ च्या सुमारास तेथे ऑस्ट्रेलियातून आलेल्या रोपांबरोबर एक खवले कीड येऊन पोहोचली. तिच्या मागच्या अंगाला उशीसारखी पांढरी, रेघारेघांची अंड्यांची पिशवी असते. वीस वर्षांत तिने दक्षिणेकडच्या संत्र्यांच्या बागा अशा ग्रासल्या की, बागवानांनी झाडे तोडून जाळावयास सुरुवात केली. साबणाचे पाणी झाले, घासलेट झाले, झाडावर तंबू ठोकून आत विषारी वायू सोडणे झाले, कशाने आटोपेना. अमेरिकन शेतकी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी साधा प्रश्न विचारला: ही कीड ऑस्ट्रेलियात एवढा उच्छाद का मांडीत नाही? तेथे तिला खाणारे कोणी तरी असले पाहिजे. ते शोधावयास माणूस पाठवावा, तर कायदेमंडळाने खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांच्या परदेश प्रवासावर बंदी घातलेली! अखेर मेलबर्न येथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या खर्चातून, त्या शिष्टमंडळाचा एक सभासद म्हणून, अल्बर्ट कोबेले या जर्मन वंशाच्या सहायकाला १८८८ च्या ऑगस्टमध्ये जहाजावर चढविण्यात आले. सरकारी नियमाला अशी पळवाट काढण्याची कला केवळ आपल्याकडेच आहे असा माझा समज होता.

कोबेले गेला होता तो एक बारीकशी माशी आणावयास. अॅडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्ड यांनी ती आधीच शोधून ठेवली होती आणि रायली यांची भिस्तही तिच्यावरच होती. ती त्याने हजारोंनी पाठविली. परंतु ऑक्टोबर महिन्यात उत्तर अॅडलेडच्या एका बागेत त्याला एक लहानसा तांबडा-काळा ढालकिडा ती कीड खाताना दिसला. हाच पुढे व्हेडालिया या नावाने प्रसिद्ध झाला. त्याने थोडे किडेही पाठवून दिले. बोटीच्या शीतघरातून महिनाभराचा प्रवास करून ३० नोव्हेंबर १८८८ ला लॉस एंजेलिसला पहिले २८ किडे जिवंत पोहोचले. डिसेंबरच्या अखेरीस ४४ आणि जानेवारीत ५७, असे एकूण १२९. तेथे कॉक्विलेट या दुसऱ्या सहायकाने संत्र्याच्या एका झाडाभोवती तंबू उभारून त्यांना आत सोडले. एप्रिलपर्यंत ते झाड धुऊन काढल्यासारखे स्वच्छ झाले होते. मग तंबूची एक बाजू उघडून दिली. जूनच्या मध्यापर्यंत त्या १२९ किड्यांच्या संततीपैकी १०,५५५ किडे बागवानांना वाटून झाले. लोक खोकी घेऊन यायचे आणि किडे घेऊन जायचे. लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री एका वर्षात सातशे वाघिणींवरून दोन हजार वाघिणींवर गेली. या सगळ्या उद्योगाचा खर्च दोन हजार डॉलरांच्या आत. बागवानांनी कोबेलेला सोन्याचे घड्याळ दिले आणि त्याच्या पत्नीला हिऱ्याची कर्णभूषणे. नंतर श्रेय कोणाचे यावरून वादही झाले. ते होणारच. (आपल्या निलगिरीत १९२८ साली हीच कीड वॅटलच्या झाडांवर दिसली, तेव्हाही लवकरच हाच ढालकिडा मागविण्यात आला.)

या कथेचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून महत्त्वाचा वाटतो. साठएक वर्षे कॅलिफोर्नियातले बागवान ती कीड विसरून गेले होते. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर यांना डीडीटीच्या कीटकनाशक गुणाचा शोध लागला; महायुद्धात हिवताप आणि प्रलापक ज्वर यांच्याविरुद्ध त्याने खरोखरच लाखो माणसे वाचविली; १९४८ साली म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युद्ध संपताच हे औषध शेतावर आले. १९४६-४७ साली कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यात दुसऱ्या किडींसाठी ते संत्र्यांवर फवारले गेले, आणि जी कीड लोक विसरले होते ती एकाएकी परत आली. डीडीटीने तिला फारसे काही झाले नव्हते. मेले होते ते ढालकिडे. त्यांना पुन्हा आणून सोडावे लागले. रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे गाजलेले पुस्तक १९६२ साली आले. पण ज्याला पाहावयाचे होते त्याला ही गोष्ट त्याच्या पंधरा वर्षे आधी संत्र्याच्या झाडावर दिसत होती. सज्ज्यात औषध फवारल्यावर महिन्याभराने कीड दुपटीने का येते, असे मला जे विचारतात त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

डीडीटीच्या आधीचे युगही काही निर्विष नव्हते. १८६७ च्या सुमारापासून अमेरिकेत बटाट्यावर सोमल मिसळलेला हिरवा रंग फवारीत, आणि पुढे शिशाचा सोमल सफरचंदांवर फवारला जाऊ लागला. ती सफरचंदे लोक खात होते. आणि तंबाखू? तंबाखूचे पाणी हा आजही 'घरगुती' उपाय म्हणून सांगितला जातो, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. अकबराच्या दरबारात तंबाखू प्रथम असद बेग याने नेली, ती विजापुराहून, १६०४ च्या सुमारास. म्हणजे दख्खनला ती त्याआधीच माहीत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले माळी तिचे पाणी किडीवर मारू लागले होते. १८२८ साली हायडलबर्ग येथे तिच्यातले निकोटीन वेगळे काढण्यात आले. हे निकोटीन कातडीतून अंगात भिनते आणि ते विषच आहे. वनस्पतीतून निघाले म्हणून त्याची धार कमी होत नाही. त्याच्याशी नाते सांगणारी कृत्रिम औषधे १९९० नंतर बाजारात आली. मधमाश्यांवरील परिणामामुळे त्यांपैकी तिघांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली. शिवाय तंबाखूच्या पानातला विषाणूजन्य रोग टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. म्हणून तंबाखूचे पाणी मी घरात करीत नाही आणि कोणाला सांगतही नाही. उलट साबण हे सरळसरळ रसायन आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत देवमाशाच्या तेलाचा साबण किडीवर मारीत. आपला साधा साबण, म्हणजे खरा साबण, कपडे धुण्याची पावडर नव्हे, पाण्यात पातळ करून मारला तर मऊ अंगाच्या किडीचे वरचे कवच फोडतो आणि वाळला की त्याचे काम संपते. जिला तो ओला लागला तीच मरते. नंतर येणाऱ्या ढालकिड्याला त्याचा उपद्रव नाही. 'रसायनाविना' हा शब्द मी या लेखात फारसा वापरलेला नाही, तो यासाठी.

कडुनिंबाकडे वळतो. पाडव्याला आपण त्याची पाने तोंड वाकडे करून खातो, पण किडी ती का खात नाहीत याचा शास्त्रीय तपास सुरू झाला तो गेल्या शतकाच्या मध्यास. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की, टोळांनी आसपासचा सगळा हिरवा पाला संपविला. कडुनिंबाची झाडे मात्र जशीच्या तशी उभी. ही झाडे तिकडे गेली होती आपल्याच बाजूने. त्यानंतर तीन वर्षांत, १९६२ साली, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी यांनी निंबोळीचा गर पाण्यात कालवून पिकावर मारला असता टोळ त्या पिकाला तोंड लावीत नाहीत, हे प्रयोगाने दाखविले. एक हजार भाग पाण्यात एक भाग गर एवढे ते पातळ होते. १९६८ साली इंग्लंडमध्ये निंबोळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव अझाडिरॅक्टिन. कडुनिंबाच्या 'आझाद दरख्त' या फारशी नावावरून पडलेले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की, प्रयोगशाळेत ते मुळापासून घडविण्यास केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या मंडळींना २००७ साल उजाडले. मध्ये बावीस वर्षे गेली. निंबोणीचे झाड हे काम दर उन्हाळ्यात करते.

हे द्रव्य किडीला तडकाफडकी मारीत नाही, आणि म्हणूनच पुष्कळांचा त्यावर विश्वास बसत नाही. कात टाकण्यासाठी किडीच्या शरीरात जो अंतःस्राव लागतो, त्याच्या कामात हे विघ्न आणते. किडीची भूक मंदावते, कात नीट पडत नाही, वाढ खुंटते. आठवडाभर ती झाडावर दिसतच राहते. उन्हात ते लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळी फवारावे लागते. लिटरभर पाण्याला चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, कडुनिंबाचे तेल पुरते. तेल पाण्यात मिसळावे म्हणून आधी थोडा साबण कालवावा. आधी एका पानावर लावून दोन दिवस पाहावे. दर आठवड्याला, तीन-चार वेळा. पिठ्या ढेकणाची अंडी कापसात दडलेली असतात, ती पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत.

कडुनिंबावरून न्यायालयीन लढाईही झाली, आणि तिच्यात महाराष्ट्राचा हात आहे. अमेरिकेचे शेतकी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने निंबोळी तेलाने झाडांवरील बुरशी मारण्याच्या एका पद्धतीचे पेटंट दिले. 'कडुनिंबाचेच पेटंट घेतले' असा गवगवा झाला, तो अगदी अचूक नव्हता. पण राग अनाठायी नव्हता. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातील दोन सहकारी संस्था-व्यक्तींनी १९९५ साली त्याला हरकत घेतली. परंतु 'आमच्या आज्या हे करीत असत' एवढ्याने पेटंटाचे न्यायाधीश हलत नाहीत. त्यांना तारखा लागतात. त्या तारखा पुरविल्या पुण्याच्या एका कारखानदाराने. १९८५ आणि १९८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर आपण निंबोळीच्या अर्काचे प्रयोग केले होते, अशी साक्ष त्यांनी म्यूनिकला जाऊन दिली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. कंपनीचे अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. पोथीपुराणांनी जे झाले नसते ते सांगलीकडच्या शेतातल्या नोंदींनी झाले.

आता पुन्हा आपल्या जास्वंदीवर येतो, कारण या बखरीचे अखेरचे प्रकरण तिच्याच फांदीवर घडले आहे. २००८ साली कोइमतूरजवळ पपईवर एक नवीन पिठ्या ढेकूण आढळला. मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे त्याला खाणारे कोणी नव्हते, म्हणून तो पपई, तुती, कसावा, साग आणि जास्वंद यांवर वणव्यासारखा पसरत महाराष्ट्रातही आला. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधे मारली. मेणचट कापसावरून ती ओघळून गेली. अखेर बंगलोरच्या राष्ट्रीय कीटक संशोधन केंद्राने २०१० साली अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या मदतीने पोर्तो रिको बेटातून तीन जातींच्या इवल्याशा गांधीलमाश्या आणल्या. त्यांपैकी असेरोफॅगस पपायी ही सर्वांत कर्तबगार निघाली. ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते आणि माणसाला चावत नाही. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते. तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र येथे ती सोडली गेली आणि दोन-तीन वर्षांत या ढेकणाचा जोर ओसरला. १८८८ सालचाच डाव, तोच प्रश्न विचारून, पुन्हा खेळला गेला. फरक एवढाच की, या वेळी कोणाला प्रदर्शनाचे निमित्त काढून जावे लागले नाही.

या माश्या सज्ज्यातही येतात. मुंग्यांची वाट बंद केली आणि वरून विष मारले नाही, तर त्यांना बोलवावे लागत नाही. जास्वंदीचा शेंडा भिंगाने पाहिला तर काही ढेकूण फुगलेले, पिवळसर-तपकिरी आणि कडक झालेले दिसतात, आणि त्यांच्या पाठीवर सुईने पाडल्यासारखे एक गोल भोक असते. त्यातून माशी बाहेर पडून गेलेली असते. ती फांदी छाटून कचऱ्यात टाकू नये. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. क्रिप्टोलीमस नावाचा एक ढालकिडा आहे, काळ्या पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा. तो १८९८ साली ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे कॉफीवरील खवले किडीसाठी आणला होता आणि आता येथलाच झाला आहे. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या घालून हुबेहूब पिठ्या ढेकणाच्या वेषात वावरते, आणि पुष्कळ लोक ढेकूण समजून प्रथम तिलाच चिरडतात. ती ढेकणाच्या तिप्पट लांब असते, आणि ढेकूण जेथे एका जागी बसून असतो तेथे ही भराभर चालते. पांढरे काही चालताना दिसले, तर कापसाचा बोळा खाली ठेवावा आणि ते कोठे जाते ते पाहावे.